तळ्यापलीकडची सही

माझा नवरा ताइस्तो वाईट माणूस नाही. त्याला फक्त नीट चाललेली वस्तू बघवत नाही.

घशाच्या ऑपरेशनमध्ये माझा आवाज गेला. त्याआधी मी मायक्रोफोनसमोर बसून शेकडो वाक्यं बोलून ठेवली होती. आता मी टाइप करते आणि आमचा जुना लिनक्सवरचा कॉम्प्युटर ते माझ्याच आवाजात बोलून दाखवतो. इतरांशी पाटीवर लिहून भागतं, पण आईला दिसत नाही. ती कुओपिओला वृद्धाश्रमात असते आणि दर शनिवारी दुपारच्या कॉफीला फोन करते. माझा आवाज आला नाही की तिला वाटतं, आपली पोरगी गेली. मागे एकदा आमच्याकडचे लाइट गेले, तर तिनं अन्नाला शिवायचं सोडलं होतं.

तर युहान्नुसचा, म्हणजे आमच्या मध्य उन्हाळ्याच्या सणाचा, शनिवार. सगळं फिनलंड तळ्याकाठी सॉसेज भाजत होतं आणि ताइस्तो सकाळीच कॉम्प्युटरसमोर. त्याला फोटोंचा कुठलासा नवा प्रोग्राम हवा होता, म्हणून त्यानं आमच्या लिनक्सच्या जुन्या आवृत्तीत नव्या आवृत्तीचं भांडार, म्हणजे प्रोग्राम जिथून उतरतात ती जागा, जोडलं. असं करू नये, हे तो स्वतःच कॉम्प्युटर क्लबातल्या लोकांना बजावत असतो. कॉम्प्युटरनं विचारलं, हे घ्यायचं तर पुढच्या गोष्टी काढाव्या लागतील, काढू? ताइस्तोनं न वाचता 'हो' दाबलं. काढलेल्यांत माझं बोलणं होतं.

मी पाटीवर लिहिलं, 'चर्चमध्येही असंच न वाचता हो म्हणालास?'

"तेव्हा वाचलं असतं तर पळालो नसतो का?" तो म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते.

जेवायच्या वेळेपर्यंत त्यानं ते नवं भांडार काढून टाकलं आणि नव्या आवृत्तीवर गेलेला एकेक भाग ओढून जुन्या आवृत्तीवर आणला. सगळं जागेवर बसलं, फक्त माझा बोलणारा प्रोग्राम मिळेना. तो एका बाईच्या छोट्या भांडारातून यायचा, आणि तिनं आमच्या आवृत्तीसाठीची प्रत काढून टाकली होती. आमच्याकडची साठवलेली प्रत ताइस्तोनं जागा करायला सकाळीच पुसलेली. अक्कल गहाण ठेवली की सगळं एकदमच होतं. मी चिडले होते, आणि त्याहून जास्त घाबरले होते.

भांडारातल्या प्रत्येक प्रोग्रामच्या पॅकेजवर तो सांभाळणाऱ्याचं नाव आणि मेल असतो. इथं होतं वुओक्को रांताकारी. ताइस्तोनं आईबद्दल सगळं लिहून खाली आपला नंबर दिला. युहान्नुसला मेल कोण बघतंय, असं मला वाटलं. पण थोड्याच वेळात त्याचा मोबाइल वाजला.

"त्या आवृत्तीवर अजून माणसं आहेत?" पलीकडून बाईचा आवाज आला. "मला वाटलं, कुणीच नाही."

"एक आहे," ताइस्तो म्हणाला. "माझी बायको."

"मी बेटावरच्या झोपडीत आहे रे. प्रोग्राम बांधायचं मशीन घरी आणि तो माझाच आहे हे पटवणाऱ्या सहीची डिजिटल किल्लीही घरी. ती मी सोबत नेत नाही."

"सहीशिवाय पाठव ना! मी इथं सहीची तपासणी बंद करतो."

"आणि उद्या दुसऱ्या कुणी माझ्या नावानं काहीही पाठवलं, तर तेही घेशील? एका दिवसात किती चुका करायच्यात तुला?" ती हसली. "थांब. वल्ही घेते."

मी खिडकीत बसून राहिले. कुठल्याशा तळ्यात एक अनोळखी बाई सण सोडून माझ्यासाठी घराकडे होडी वल्हवत होती. मला रडू आलं.

कॉफी उकळत असताना तिचा फोन आला, "चढवलंय. घे." ताइस्तोनं फोन चालूच ठेवून या वेळी ओळ न् ओळ मोठ्यानं वाचली आणि मग 'हो' दाबलं. मी टाइप केलं. खोलीत माझा आवाज आला, "वुओक्को, मी रायली. तुझे फार फार आभार."

ती म्हणाली, "मी हे वडिलांसाठी बांधलं होतं. ते आवाज नोंदवायच्या आधीच गेले. यातून कुणाला बोलताना मी आज पहिल्यांदाच ऐकतेय."

तेवढ्यात घरचा फोन वाजला.

"मी ठेवते," वुओक्को म्हणाली.

"नको," मी टाइप केलं. "ऐक." ताइस्तोनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि दुसरा फोन उचलून कॉम्प्युटरजवळ धरला.

"रायली?" आईचा आवाज कापत होता. "आहेस ना गं?"

"आहे, आई. इथंच आहे."

आई सुस्कारा सोडून वृद्धाश्रमातल्या पुचाट कॉफीला शिव्या घालू लागली. ती बोलली अर्धा तास. वुओक्कोनं शेवटपर्यंत फोन ठेवला नाही.