पथारीवरचं पाच कोटींचं जनावर

दगूबाईच्या मिरची वाळवायच्या पथारीवर तीन वर्षांपासून एक जनावर बांधलेलं होतं. दूध देत नव्हतं, शेण टाकत नव्हतं, नांगराला जुंपायचं तर नावच काढू नका. धाकट्या लेकाने, हेमकांतने, ते पाच कोटींना आणलं होतं. गाडी म्हणे! जमिनीपासून चार बोटं वर. कोरीट गावच्या गतिरोधकावर पोट घासायचं, म्हणून घरच्या दारापर्यंत ती कधी पोचलीच नाही. आली ती ट्रकवर बसून, उतरली ती पथारीच्या शेडमध्ये. जिला यायला दुसरी गाडी लागते, तिचा थाट काय विचारता!

ती पेट्रोलवरही चालायची आणि विजेवरही. "दोन घरना पाहुणा उपाशी," दगूबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

आता हेमकांतला त्याच गाडीचा नवा अवतार हवा होता. त्यासाठी ही विकायची, आणि कमी पडेल तिथे पथारी विकायची. पथारी दगूबाईच्या नावावर. नवरा गेल्यावर याच उघड्या मैदानावर मिरची वाळवून तिने तीन लेकरं वाढवली होती. शाळा ती सहीपुरतीच शिकली. पण सही कुठे करायची नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"माय, हाई गाडी नही, गुंतवणूक शे," हेमकांत म्हणाला. "आख्खा देशमा मोजक्याच शेतस. भाव पडाव नही."

"मोजका तं मन्हा दातबी शेतस रे. कोनी इकत लेस का?"

देठं खुडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हेमकांत चिडला. "घिदी तितल्याले, पाच कोटीलेच जाई, देखजो तू!"

"मंग घेनाराले आठेच बोलाव. निम्म्याना वर एक रुपया जरी त्यानी सांगा, तं मी सही करसू. नही सांगा, तं पथारीनं नाव परत तोंडमा नही. कबूल?"

निम्मं? हेमकांतला हसूच आलं. सगळ्या बायांसमोर माय-लेकांनी हातावर हात मारला. पथारीवर दिलेला शब्द दगूबाईने आजवर फिरवला नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सुरतेहून जुन्या महागड्या गाड्यांचा दलाल आला, उमाकांत शेठ. त्याने गाडीला फेरी मारली, बोटाने ठोकून बघितलं, पोटाला यंत्र लावलं. दगूबाईला बरं वाटलं. बैल घेतानाही माणूस असेच दात न् खूर बघतो.

"किती चालली?"

"फक्त एकोणीसशे किलोमीटर. जपून ठेवलीय," हेमकांतने छाती फुगवली.

"जपली म्हणूनच बॅटरी बसली," शेठ म्हणाला. "नवी घालायची तर लाखांत जाते, आणि हमी संपत आलीय. त्यात नवं मॉडेल आलं. ज्याच्याकडे एवढा पैसा असतो तो नवीच घेतो, दुसऱ्याची उतरलेली कशाला घेईल?"

"ऐकं का रे हेमू?" दगूबाई म्हणाली. "मिरची वाळनी तं वजन घटस, भाव चढस. तुन्ही हाई उभ्या उभ्या वाळनी. वजन तितलंच, भाव गया."

उमाकांत शेठने आकडे जुळवले. "दोन कोटी साठ लाख."

दगूबाईच्या हातातली मिरची हातातच राहिली. निम्म्याच्या वर दहा लाख.

"जितना!" हेमकांत ओरडला. दोन कोटी चाळीस लाख पाण्यात गेले होते आणि लेक पोळ्याची शर्यत मारल्यासारखा नाचत होता. पथारी विकायचे कागद त्याच्या खिशात तयारच होते.

शब्द तो शब्द. "सीमा, मन्हा चष्मा आन," दगूबाईने सुनेला सांगितलं आणि खाटेवर बसून कागद मांडीवर घेतले. पेनाचं टोपण काढलं.

"हे काय आहे?" उमाकांत शेठ गाडीच्या नाकाशी वाकला होता. तिथे बोट जाईल एवढं भोक होतं. भोकातून काळा दोरा, दोऱ्याला लिंबू आणि सात मिरच्या.

"नजर लागू नही म्हनीसन," दगूबाई मान न उचलता म्हणाली. "दोरा बांधाले जागाच नव्हती. जान्या सुतारकडथून पाडी लिधं."

"मावशी, हा पत्रा नाही, कार्बन आहे. यात भोक पाडत नाहीत. हा सगळा पुढचा भाग परदेशातून मागवावा लागेल." शेठने पुन्हा आकडे जुळवले. "चौदा लाख कमी. दोन कोटी सेहेचाळीस."

निम्म्याच्या खाली चार लाख.

"माय!" हेमकांतने कपाळ बडवलं. "तुन्हा लिंबू-मिरचीनी मन्ही वाट लावी!"

दगूबाईने पेनाला टोपण लावलं. कागदांची नीट घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवली.

"वाट कसानी रे, भाऊ? नजर उतराले बांधं व्हतं. गाडीनी उतरनी नही, पथारीनी उतरनी." मग सुनेकडे वळून म्हणाली, "सीमा, आज शनवार शे. लिंबू बदली टाक. न् मिरची आपलीच लाव."

सीमाने ढिगातून सात लालभडक मिरच्या निवडल्या. त्या अख्ख्या गाडीवर यंदा भाव वाढलेली तेवढी एकच वस्तू होती.