दोन चौकट

शशिकांत करंदीकरांना ब्रिजच्या क्लबात पंच केलं, तेच मुळात चुकलं. मोरिवलीच्या कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस; त्याच्या हातात नियमांचं पुस्तक दिल्यावर दुसरं काय होणार?

पण त्या रविवारी दुपारी त्यांना कोपऱ्यातल्या टेबलापाशी बोलावलं, तेव्हा पंचाईत त्यांचीच झाली. टेबलावर त्यांची बायको सुहासिनी होती. समोर तिचा भिडू नरेंद्र. तक्रार केली होती चिखलोलीहून नव्याने येऊ लागलेल्या अनीशने.

"सर, मॅडम दोन चौकट बोलल्या. आम्हाला वाटलं, चौकट भरपूर आहे. आणि नरेंद्र सरांची डायरेक्ट चार इस्पिकवर उडी! मॅडमकडे चौकटचं पान एकच. पाच बदाम, पाच इस्पिक. हे आम्हाला सांगायला नको?"

सांगायला हवंच. बोलीचा वेगळा अर्थ आपसात ठरलेला असेल, तर भिडूने तो समोरच्यांना सांगायचा, हा ब्रिजचा साधा नियम. लपवला तर ती चोरीच.

शशिकांतांना मात्र वेगळंच झोंबलं. दोन चौकट म्हणजे हातात पाच बदाम, पाच इस्पिक, ही बोली त्यांची होती हो! त्यांची नि सुहासिनीची. बावीस वर्षांपूर्वी स्वयंपाकघराच्या ओट्यावर पानं मांडून दोघांनी जुळवलेली. गेल्या दिवाळीनंतर तिच्या एका चुकीवरून ते भर क्लबात ओरडले होते, "तुझ्याबरोबर खेळणं म्हणजे डोक्याला ताप!" आणि तडक पंचाच्या खुर्चीत जाऊन बसले. तिने मग नरेंद्रला भिडू घेतलं. घेऊ दे बापडीला. पण आपली बोली त्याला द्यायची?

"नरेंद्र, तुम्हाला अर्थ कसा कळला?"

"अहो, इतकी वर्षं याच बोलीने तुम्ही दोघांनी आमची दाणादाण उडवलीत. ओळखणार नाही? पण ठरलं काही नव्हतं, आईशप्पथ."

शशिकांत बायकोकडे वळले. "ठरलं होतं?"

"नाही."

"भिडूशी ठरलेलं नसताना एका पानावर चौकट बोललीस? का?"

सुहासिनी पानं सारखी करत राहिली.

झालं! शशिकांतांचं डोकं फिरलं. त्यांनी चिठ्ठीवर खरडलं, 'लपवलेला संकेत, गुण रद्द.' पहिली येणारी जोडी नाशिकच्या स्पर्धेला जाणार होती. बावीस वर्षांत सुहासिनी कधी गेली नव्हती; आज पुढे होती, पण हे गुण गेल्यावर आता अनीशची जोडी जाणार. आजूबाजूला कुजबूज सुरू झाली. जिच्याकडे कधी कोणी बोट दाखवलं नव्हतं, ती पर्स उचलून मुकाट बाहेर पडली.

ते तिच्यामागोमाग निघाले, पण पालेगावला घरी जाताना रिक्षात शशिकांतांना चैन पडेना. चष्मा काढ, पूस, घाल, पुन्हा काढ.

"खरं सांग. कधी शिकवलीस त्याला?"

"नाही शिकवली हो." ती बाहेरच बघत होती. "पाच बदाम, पाच इस्पिक दिसले आणि हात आपोआप बोलीच्या डब्यातल्या 'दोन चौकट'च्या कार्डावर गेला. समोर तुम्हीच बसलाय असं वाटलं. मान वर केली, तर नरेंद्र."

म्हणजे ठरलं काहीच नव्हतं. बाई नुसती चुकली होती, आणि चुकीला ब्रिजमध्ये शिक्षा नसते.

"अगं, मग तिथेच का नाही सांगितलंस?"

"कोणासमोर? माझ्यासोबत खेळणं डोक्याला ताप आहे, हे तुम्ही ज्यांना ओरडून सांगितलंत, त्यांच्यासमोर?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. त्यांनी पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, परत क्लबात घ्या. लवकर. निकाल अजून लागला नसेल."

रिक्षा वळली. सुहासिनीने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि निर्णय का फिरवला, ते काय सांगणार सगळ्यांना?"

शशिकांतांनी चष्मा काढला. क्लब येईपर्यंत ते तो पुसतच होते.