दातांखालची पेन्सिल

मी एक जुनी पेन्सिल आहे, मित्रांनो. पण तुमच्या कंपासपेटीतल्या पेन्सिलींत मला मोजू नका. कित्येक वर्षं मला कुणी टोकच काढलं नव्हतं. अंगावर होते ते फक्त दातांचे वण!

हे वण कलावतीबाईंचे. त्या पूर्वी रेडिओवर बातम्या वाचत. पुढे माजिवड्याला राहत्या घरीच त्यांनी निवेदनाचा वर्ग काढला. पेन्सिल दातांत आडवी धरून मोठ्यानं वाचायचं, मग ती काढून तेच पुन्हा वाचायचं, की शब्द कसे लख्ख उमटतात! विद्यार्थी आपापली पेन्सिल आणत. बाई मात्र रोज सकाळी मला घेऊन आधी स्वतः सराव करत. मी मनातल्या मनात कुरकुरत असे. पेन्सिलीच्या जन्माला येऊन एक अक्षरही लिहू नये?

घोडबंदर रोडवरून समृद्धी नावाची एक मुलगी वर्गाला येऊ लागली. घरी वडिलोपार्जित जमीन होती, पण पोरीला टीव्हीवर बातम्या वाचायच्या होत्या. पहिल्याच दिवशी पेन्सिल धरताना तिची लाळ गळली आणि ती हसत सुटली.

"मॅडम, मना नाय जमत ओ!"

"जमेल गं. आणि घरी मात्र असंच बोलायचं हं. बातमीसाठी घरची बोली सोडायची नसते."

"घसा बसला की बोलू नका," असं बाई सगळ्यांना बजावत. स्वतः मात्र बसक्या आवाजात जादा वर्ग घेत राहिल्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! एके दिवशी शिकवता शिकवता त्यांचा आवाजच गेला. डॉक्टरांनी सक्त मौन सांगितलं. आवाज परत येईलच, असं काही ते म्हणाले नाहीत.

त्या दिवशी बाईंनी मला पहिल्यांदा टोक काढलं. 'दूध एक लिटर' असं मी लिहिलं आणि हरखून गेले. पण तो आनंद लवकरच ओसरला. घर इतकं गप्प झालं की मला माझीच खरखर ऐकू येऊ लागली. बाई, नकोत मला ही अक्षरं. एकदा पुन्हा दातांत धरा.

काल समृद्धी आली. आज तिची ऑडिशन आहे. सरावासाठी तिनं बाईंसमोर बातमीपत्र वाचलं. ती चुकली की बाई मला टेबलावर आपटत. वाचून झाल्यावर ती सवयीनं बोलून गेली, "मॅडम, आता तुम्ही एकदा वाचून दाखवा ना."

लगेच तिनं जीभ चावली. तिचे डोळे भरून आले.

बाईंनी मला बाजूला ठेवलं आणि कागद हातात घेतला. त्यांचे ओठ हलू लागले, पण आवाज नव्हता. समृद्धी त्यांच्या ओठांकडे पाहत हळूच म्हणाली, "नमस्कार." मग ओठ बाईंचे आणि आवाज तिचा, असं सगळं बातमीपत्र वाचून झालं. एकही शब्द अडखळला नाही. बाईंनी तिला जवळ घेतलं.

मित्रांनो, घसा दुखत असताना ओरडू नका, त्याला विसावा द्या. आवाज आहे तोवर त्याची किंमत कळत नाही. टोक काढून काढून मी आता बोटभर उरले आहे. संपण्याआधी बाईंचा आवाज एकदा ऐकायला मिळावा. बसका असला तरी चालेल.