केटी लागली

देवळ्याजवळच्या गावातल्या खंडेरावांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस म्हणजे त्यांची निकिता. पहिलं माणूस म्हटलं की कौतुक होतं. पण ठेचाही त्यालाच लागतात, हे कौतुक करणाऱ्यांना कोण सांगणार? पोरगी नाशकात आली, हॉस्टेलात राहिली आणि पहिलं अख्खं सत्र तोंड मिटून बसली. सबमिशन म्हणजे काय, इंटर्नल म्हणजे काय, विचारायचं कुणाला? विचारायला जावं तर तोंडातून 'नाय' नाहीतर 'लय' निघायचं आणि हिचे कान तापायचे. मेसमध्ये टोकाला बसायची, भराभर जेवून उठायची. खोलीतली उज्वला एक वर्ष पुढची, चांगली मोकळ्या स्वभावाची. पण तिच्याशीही हिचं बोलणं 'लाइट बंद करू का'च्या पुढे गेलं नव्हतं.

अशात निकाल आला आणि गणितात केटी लागली. केटी म्हणजे एक विषय राहिला, तो पुन्हा द्यायचा, बाकी वर्ग पुढे चालू. पण हे निकिताला माहीत असायला ते कुणीतरी सांगितलेलं असायला हवं ना? तिच्या गावात नापास म्हणजे नापास. दप्तर खुंटीला आणि पोरगी कांद्याच्या वावरात. आपलं शिक्षण संपलं, असं तिनं ठरवूनच टाकलं आणि घरी फोन लावला.

"नाना, निकाल आला. मला गणितात केटी लागली," एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं.

तिकडे खंडेराव कांदाचाळीपाशी उभे, शेजारी ट्रॅक्टर धडधडतोय. रडणं त्यांना ऐकूच गेलं नाही. ऐकू गेलं ते एवढंच, की पोरीला काहीतरी लागलं. आता आपल्या भाषेत हे 'लागणं' मोठं लबाड. ठेच लागते, नोकरीही लागते. शेजारचा महेश एसटीत लागला तेव्हा गावभर पेढे वाटले होते. मग आपल्या पोरीला केटी लागली, तीही गणितात, म्हणजे काय चेष्टा झाली?

"लय भारी काम केलं, पोरी," ते म्हणाले. "उद्या येतोच हाय नाशकाला." आणि फोन बंद.

संध्याकाळी आईचा, सगुणाबाईंचा फोन आला. नानांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले, मारुतीपुढे नारळ फोडला. निकितानं 'बरं' म्हणून फोन ठेवला. नारळ फुटल्यावर खरं कसं सांगावं, तुम्हीच सांगा.

तिनं बॅग भरली. उद्या नाना आले की गाडीतच सगळं सांगायचं आणि त्यांच्याबरोबर कायमचं घरी जायचं. "कुठे निघालीस गं?" उज्वलानं विचारलं. "घरी," एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी खंडेराव शेजाऱ्याची पिकअप घेऊन हॉस्टेलच्या फाटकाशी हजर. क्लास सुटून मुली परतत होत्या. निकिता बॅग घेऊन खाली येईतो नानांनी पेढ्यांचा खोका उघडलाही होता.

"घ्या पोरींनो, तोंड गोड करा. आमच्या निकूला केटी लागली."

एकीनं ओढणी तोंडाला लावली. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं निकिताला झालं. तेवढ्यात उज्वला पुढे आली. तिनं निकिताकडे पाहिलं, हातातल्या बॅगेकडे पाहिलं आणि खोक्यात हात घातला.

"मलापण लागलीय काका, गणितातच. दोनदा."

"दोनदा?" खंडेराव खूश. "मग तू दोन घे."

"मला तीन लागल्यात," ओढणीवाली म्हणाली. तिला तीन मिळाले. एकीची इंग्रजीतली निघाली. "मला नाही लागली," असं एक हुशार पोरगी बारीक आवाजात म्हणाली, तर खंडेरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लागंल, लागंल. धीर नको सोडू."

मग मात्र हसू फुटलं, आणि सगळ्यांत आधी फुटलं ते निकिताला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. दोनदा केटी लागलेली उज्वला अजून कॉलेजात आहे, आणि ती आपल्या बापाच्या हातचा पेढा खातेय. निकिताला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. पण आपल्या बापाला असं अंधारात ठेवणं तिला सोसेना.

"नाना," ती सगळ्यांसमोरच म्हणाली, "केटी म्हणजे नापास. गणितात नापास झाले मी."

खंडेरावांचा हात खोक्यातच राहिला. "अन् बाकीच्यात?"

"पास."

"समद्यात?"

"हां."

"मग आता काढून टाकत्यात का काय कॉलेजातून?"

"छे हो काका," उज्वला म्हणाली. "तेवढा पेपर परत द्यायचा. वर्ग चालूच राहतो."

हे खंडेरावांना कळलं तेव्हाच निकितालाही कळलं. ती उज्वलाकडे बघतच राहिली.

खंडेरावांनी स्वतःसाठी एक पेढा उचलला, सावकाश खाल्ला. "आजवर आपल्या घरातून कॉलेजात नापास व्हायला तरी कोण गेलं होतं? पेढे बरोबरच वाटले म्हणायचे."

"पण गावाला काय सांगायचं?"

"काय सांगायचं? खाल्लेले पेढे काय परत देणार हायेत?" मग त्यांचं लक्ष बॅगेकडे गेलं. "ही कशाला? घरी येतेस व्हय?"

"नाय नाना. आमचा गणिताचा अभ्यास हाय."

"आमचा? कुणाकुणाचा?"

"माझा न् उज्वलाताईचा."

उज्वला तोवर बॅग उचलून जिना चढायला लागली होती.