माशांना दिसणारा पंच

पंचाला मासा दिसला पाहिजे, असं स्पर्धेच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं होतं. माशाला पंच दिसता कामा नये, असं मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. त्यामुळे मुनीब पांढराशुभ्र सदरा घालून काठावर मिनारासारखा उभा होता आणि त्याच्यासमोरचं सानित्सा नदीचं पाणी दुपारपासून ओस पडलं होतं.

हिल्मो मांडीभर पाण्यात वाकून उभा होता. वय बासष्ट, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त. जिल्ह्याच्या मासेमारी संघात चौघे घ्यायचे होते, त्यातले तिघे ठरलेलेच होते. चौथी जागा तीन वर्षं त्याच्या हातून थोडक्यात निसटली होती, आणि डॉक्टरने त्याचे गुडघे पाहून पुढच्या मोसमात थंड पाण्यात पाय ठेवायचा नाही, असं बजावलं होतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. काम तसं सोपं होतं. सर्वांत मोठा ट्राउट मासा पकडायचा, पंचाकडून मोजून घ्यायचा आणि सोडून द्यायचा. अर्धा तास उरला होता.

पंच मुनीब हा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. नात्यातला पंच नको, असा ठराव एकदा क्लबात आला होता. पण तो पास केला असता तर गावात स्पर्धाच घेता आली नसती, म्हणून बारगळला. पक्षपाताचा ठपका नको म्हणून मुनीबने एक सरळ तोडगा काढला होता: दाजींच्या पूर्ण विरोधात राहायचं.

"मुनीब, जरा खाली बस रे."

"बसलो तर दिसत नाही, दाजी."

"उभा आहेस तरी काय दिसतंय? वरून घार गेली तरी इथले मासे तळ गाठतात. तू तर सगळं आभाळ अडवून उभा आहेस."

"ताईला सांगू, तुम्ही मला काय म्हणालात ते?"

"सांग. आणि सदरा कुणी इस्त्री केला तेही सांग. लग्नाला आलायस का?"

"पंचानं नीटनेटकं असावं. कलम सात."

तेवढ्यात पलीकडच्या काठाला, विलोच्या झाडाच्या फांद्यांखाली, पाण्यावर एक वर्तुळ उमटलं. ना उडी, ना आवाज. लहान मासे खाताना गाजावाजा करतात, मोठे नुसते ओठ लावतात. हिल्मोने गळाची काठी सावरली.

"मुनीब, आडवा हो," तो कुजबुजला.

"इथं? खाजकुइली आहे!"

"तुझ्या आईची शपथ आहे तुला."

आईची शपथ कुठल्याच कलमात बसत नव्हती. मुनीबने रुमाल पसरला, आणि जगातल्या सगळ्या पंचांवर झालेला अन्याय एकट्याने सोसत असल्यासारखा तो पोटावर आडवा झाला.

हिल्मोने गळाची दोरी फेकली. शेजाऱ्याच्या कोंबड्याच्या पिसांची, घरी गळावर बांधलेली राखाडी नकली माशी वर्तुळाच्या वरच्या अंगाला हातभर अंतरावर उतरली आणि प्रवाहाबरोबर खाली आली. ट्राउट वर आला, तिच्या मागोमाग वीतभर सरकला, तपासणी केली आणि नापसंती कळवून खाली गेला. हिल्मोने निम्म्या आकाराची माशी बांधली. गाठ दोनदा मारावी लागली. मग मुद्दाम पाच मिनिटं काहीच केलं नाही. घाईत फेकलेली दोरी या नदीत फक्त माणसाला दिलासा देते.

पुढच्या फेकीला ओठ उघडले आणि माशी नाहीशी झाली.

मासा खाली पळाला, वर पळाला, मुळांत शिरू पाहत होता. हिल्मोने काठी आडवी धरून त्याला बाहेर काढला आणि जाळीत घेतला. चौतीस सेंटीमीटर, त्याच्या नजरेने मोजलं. त्याची नजर अर्ध्या सेंटीमीटरनेही चुकत नसे.

तीस वर्षं तो क्लबात नवशिक्यांवर एकच गोष्ट ओरडत आला होता: मासा हातात एका श्वासापेक्षा जास्त ठेवायचा नाही! त्याने हात ओला केला, गळ काढला. उलटा काटा नसलेला गळ लगेच सुटला. माशाचं तोंड प्रवाहाकडे धरलं, कल्ले हलले, शेपटी फिरली. मासा गेला. हिल्मो समाधानाने सरळ झाला.

मुनीब मासा मोजायची, मापाच्या खुणा असलेली पन्हळ घेऊन पाण्यात उतरत होता.

"आणा इकडे."

हिल्मोने जाळीकडे पाहिलं. ती छान धुतल्यासारखी रिकामी होती.

"सोडला," तो म्हणाला.

"मोजायच्या आधी?"

वरच्या वळणावर वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

"काय देखणा होता, दाजी! चौतीस तरी असेल. झोपूनसुद्धा पूर्ण दिसला मला."

"मग लिही चौतीस."

"हे मेहुणा म्हणून सांगितलं. पंच म्हणून मी काहीच मोजलं नाही." मुनीबने तक्त्यावर शून्य लिहिलं आणि पेन पुढे केलं. "हरकत असेल तर खाली दोन ओळी मोकळ्या आहेत."

हिल्मोने पेन घेतलं. मग त्या ओळींवर लिहिलं: 'मासा सुखरूप गेला.' खाली सही केली. संघातली चौथी जागा एकवीस सेंटीमीटरवाल्याला मिळाली.

काठ चढताना हिल्मोचे पाय चिखलात अडकले. मुनीबने वरून हात पुढे केला. सदऱ्याच्या पोटावर हिरवा डाग पसरला होता.

"धरा दाजी. स्पर्धा संपली, आता मी मेहुणा आहे."

हिल्मोकडे नाही म्हणायला तोंड होतं, पण गुडघे नव्हते. त्याने हात धरला.