गाडी ठणठणीत आहे

बोगद्यात शिरताना त्यानं काच खाली केली, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि पाय दाबला. गाडी नेहमीसारखी उसळली, मागच्या सीटवरचे कवळ्यांचे डबे खडखडले. पण शीळ काही आली नाही.

दुरुस्तीसाठी हा बोगदा चौदा महिने बंद होता. आज उघडला म्हणून तो मुद्दाम वाट वाकडी करून इकडून आला होता. त्याच्या गाडीत इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर होता आणि पाय दाबला की त्याची बारीक, उंच शीळ निघायची. बोगद्यात ती भिंतींवर आपटून दुप्पट व्हायची. तेवढ्या पाऊण मिनिटासाठी हा पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ एकटाच खुदकन हसायचा. आज मात्र इंजिनाची घरघर तेवढी ऐकू आली. हवेच्या दाबाचा काटा नेहमीएवढा चढला होता, गाडीची ओढही कमी वाटत नव्हती. पण त्याचा भरवसा काट्यावर नव्हता, कानांवर होता. बोगद्याबाहेर पडेपर्यंत त्याचं धाबं दणाणलं.

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि कॅपा बनवून देणं हा त्याचा धंदा. सव्वीस वर्षं त्यानं कानापाशी ग्राइंडर चिरचिरवत निम्म्या शहराला चावायला लावलं होतं. रोज सकाळी तीन दवाखान्यांत माल पोचवायचा, संध्याकाळी ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या बायकोला घरी आणायचं, वाटेत किराणा. एवढ्यासाठी साडेतीनशे घोड्यांची ताकद. पहिल्या दवाखान्यातली बाई त्याला चिडवायची, “एवढ्या घाईनं कवळी हवी तरी कुणाला असते हो?”

“घाई कुणालाच नसते,” तो म्हणायचा. “पण उशीर कधी झालाय का, ते सांगा.”

आणि तो खरंच कधी झाला नव्हता. असली गाडी रोजच्या वापराची नव्हे, असं सगळे म्हणत. हा मात्र वेळेआधी तेल बदलायचा, बेल्ट तुटायची वाट बघायचा नाही आणि घरी पोचल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवून मगच बंद करायचा. गाडी एकदाही रस्त्यात उभी राहिली नव्हती. ती उभी राहून चालणारच नव्हतं. गेल्या वर्षी एका संध्याकाळी, काही कारण नसताना, बायको म्हणाली होती, “ज्या दिवशी ही दगा देईल, त्या दिवशी विकायची.” तो हो म्हणाला होता. एकाएकी असं का, हे काही त्यानं विचारलं नाही.

तेव्हापासून तिचं बोलणंही कमी झालं होतं. पूर्वी ती ग्रंथालयातल्या गमतीजमती सांगायची. कुणी परत केलेल्या पुस्तकात काय काय सापडलं, कोण वाचता वाचता घोरायला लागलं. आता कामापुरतं बोलायची, तेही तोंड फिरवून. गाडीवरून तिच्या मनात अढी बसली, असं त्यानं धरलं. गाडी चोख ठेवली की कुरबुरीला जागा उरत नाही, अशी त्याची भाबडी समजूत होती.

म्हणून कवळ्या तशाच ठेवून त्यानं आधी गॅरेज गाठलं.

“शीळ गेली,” तो म्हणाला. “बेल्ट घसरतोय का बघा. नाहीतर आतलं बेअरिंग गेलं असणार.”

मिस्त्री त्याच्याच वयाचा, बोलायला फटकळ. बॉनेट उघडून त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सुपरचार्जरच्या अंगावर टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. गाडीचं दुखणं तो असंच ऐकायचा.

“द्या रेस. अजून. बास.” त्यानं डोळे उघडले. “बेअरिंग लोण्यासारखं चाललंय.”

“आणि शीळ?”

“शीळ? किटले माझे कान!”

“मग मला का ऐकू येत नाही?”

मिस्त्रीनं त्याच्याकडे पाहिलं, मग हातभर अंतरावरच्या टेबलाकडे. “तुमचा फोनही कधीचा किणकिणतोय. मला वाटलं, घ्यायचा नसेल.”

फोनचा पडदा उजळलेला होता. बायकोचा फोन, दुसऱ्यांदा. एरवी तो खिशात थरथरला की कळायचं. आज टेबलावर राहिला होता.

“म्हणजे गाडीला काही झालेलं नाही?”

“गाडी ठणठणीत आहे. कान तपासा.”

त्याला इतकं हायसं वाटलं की त्यानं मिस्त्रीचा तेलकट हात दोन्ही हातांत धरून हलवला.

“अहो, कान गेले म्हणतोय मी,” मिस्त्री म्हणाला, “आणि तुम्ही लॉटरी लागल्यासारखे हसताय काय!”

माल पोचवून तो तिथूनच वर चढला; तिसऱ्या दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर कानांची डॉक्टर बसायची. तिनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की दाबायला हातात बटण दिलं. काचेपलीकडे तिचा हात सारखा काहीतरी फिरवत होता आणि हा बटणावर अंगठा ठेवून नुसता बसून होता. तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं.

“उंच पट्टीचं बरंच गेलंय,” डॉक्टर म्हणाली. “दीड-दोन वर्षांत, हळूहळू. समोरून बोललेलं तुम्ही ओठांवरून जुळवून घेता, म्हणून लक्षात आलं नाही. पण कुणी पाठमोरं बोललं, आवाज हळू असला, त्यात पाणी चालू असलं, की संपलं. यंत्र लावू या. सगळं नाही, पण बरंचसं परत मिळेल.”

संध्याकाळी तो वेळेवर ग्रंथालयापाशी पोचला. बायको गाडीत बसली, पट्टा लावता लावता खिडकीकडे बघत काहीतरी म्हणाली. त्यानं इंजिन बंद केलं.

“माझ्याकडे बघून बोल.”

तिनं वळून पाहिलं. “दोनदा फोन केला, म्हटलं.”

“ऐकू आला नाही. गाडी ठणठणीत आहे, पण माझे कान गेलेत. आज तपासून आलो.”

तिनं पट्टा अडकवला. मग तिनं विचारलं, “कधीपासून?”

“दीड-दोन वर्षं झाली म्हणे. पाठमोरं बोललेलं कळत नाही. नळ चालू असला की अजिबातच नाही.”

“नळ चालू असला की,” ती म्हणाली. मांडीवरच्या पिशवीचा बंद तिनं बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. “गेल्या वर्षी मी भांडी घासत होते. तुम्ही किल्ली घेऊन दारात उभे होतात. मान वर करून सांगायचा धीर झाला नाही, म्हणून तशीच बोलले. तुम्ही ‘येतो अर्ध्या तासात’ म्हणालात आणि गाडी घेऊन गेलात.”

“काय सांगितलंस?”

“छातीत गाठ लागली होती हाताला. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून एकटीच जाऊन तपासून आले. त्या दिवशी रिपोर्ट आला होता.”

ती त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. हे वर्षापूर्वी ऐकलेल्या माणसाचा चेहरा असा पांढराफटक पडला नसता.

“तुम्ही खरंच ऐकलं नव्हतं,” ती म्हणाली आणि हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“अगं, पण रिपोर्ट? रिपोर्टमध्ये काय होतं?”

“काही नव्हतं. साधी गाठ.”

तिचा आवाज मुळातच हळू, त्यात रडण्यानं चिरकलेला. त्याला ओठ हललेले दिसले, पण हसण्यारडण्यात त्यांवरून शब्द जुळेनात. त्यानं कानामागे हात धरला. जन्मभर दुसऱ्यांना हळू बोला म्हणत आलेली ती बाई भर रस्त्यात ओरडली, “काही नव्हतं! साधी गाठ होती, साधी!”

पायऱ्यांवरच्या रखवालदारानं मान वळवून पाहिलं.

त्यानं डोकं मागे टेकवलं आणि तोंडानं मोठा श्वास सोडला. मग तो तिच्याकडे वळला.

“पहिल्यापासून सांग,” तो म्हणाला.

तिनं पट्टा सोडवला, पाय सीटवर घेतले, त्याच्याकडे तोंड करून बसली आणि सांगायला लागली.