पाण्यातले पितळ

मित्रांनो, मी एक जुना पितळी स्क्रू आहे. माझे आटे झिजले आहेत, डोक्यावरची खाच बुजत आली आहे आणि अंगावर हिरवट थर चढला आहे. सध्या माझा मुक्काम बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात, वाकडे खिळे आणि मोडक्या कड्या यांच्या संगतीत आहे. माझी कहाणी गोड नाही. गोड हवे असेल तर डब्यावरचे बिस्किटांचे चित्र पाहा.

माझा जन्म कारखान्यात झाला. पितळेच्या तारेचा तुकडा कापला, डोके ठोकले, आटे पाडले आणि मी तयार झालो. पुढे बरीच वर्षे मी एका कपाटाच्या बिजागरीत काढली. दार आपटणारे आपटत राहिले, मी कधी कुरकुर केली नाही. कपाट मोडीत निघाले तेव्हा घरच्या बाबांनी मला काढून, पुसून या डब्यात ठेवले. "असं पितळ आता मिळत नाही," ते म्हणाले. आयुष्यात माझी स्तुती झाली ती एवढीच.

बाबांना दुरुस्तीची हौस दांडगी होती आणि कोणाचे ऐकून घेण्याची मुळीच नव्हती. मुलीने फार हट्ट धरला म्हणून घरात माशांची काचेची टाकी आली. तिच्यात चिमुकले मासे होते, नखाएवढ्या कोळंब्या होत्या आणि एक गोगलगाय होती. मुलीने तिचे नाव ठेवले होते आळशीबाई. टाकीच्या सजावटीसाठी पाण्यात वाहून गुळगुळीत झालेली दोन लाकडेही आणली होती. दुकानदाराने बजावले होते, "लाकडं आधी बादलीत भिजत ठेवा, आपोआप बुडेपर्यंत. एकमेकांना जोडायची तर स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घ्या, नाहीतर नायलॉनच्या दोरीनं बांधा. दुसरा कुठलाही धातू पाण्यात नको."

"दुकानदारांना भीती घालून माल खपवायचा असतो," बाबा घरी येऊन म्हणाले आणि लाकडे थेट टाकीत टाकली. दोन्ही लाकडे टुणकन वर आली. मुलगी खुदकन हसली. ते हसू बाबांना झोंबले. कोपऱ्यावरून स्टीलचा स्क्रू आणता आला असता, पण मग दुकानदाराचे ऐकल्यासारखे झाले असते! त्यांनी डबा उपसला, मला शोधले आणि एका लाकडावर दुसरे उभे करून मला आरपार पिळले. खालच्या लाकडावर एक दगड ठेवला. मग ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"पितळ आहे. गंजायचं नाव नाही!"

मुलीची आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, त्याच घरात राहत असे. काही दिवसांनी लाकडाचा अर्क उतरून पाणी चहासारखे दिसू लागले, तेव्हा तिने टाकीत डोकावून पाहिले. "अरे, कल्हई नसलेल्या पितळेत आपण आंबट ठेवतो का? कळकतं ते. या पाण्यातही लाकडाचा आंबटपणा उतरला असेल तर?"

"ताई, ही टाकी आहे, पातेलं नाही."

सगळे हसले. आत्याही हसली. आणि मित्रांनो, मी पाण्यात विरघळू लागलो. दिसत काहीच नव्हते, पण पाणी कळकत होते. विष माझ्या अंगातले होते. जागा मात्र मी निवडली नव्हती.

गोगलगाय नि पोटात पाय, असे लोक म्हणतात. आळशीबाईच्या पोटात मात्र काही कपट नव्हते. एका सकाळी तिची काचेवरची पकड सुटली आणि ती तळाशी पडली, ती पुन्हा हललीच नाही. मुलगी रडत बाबांकडे धावली.

"तूच खाऊ जास्त टाकतेस," बाबा म्हणाले. "पाणी सडवलंस तू."

त्या दिवसापासून ती खाऊ बोटांच्या चिमटीत धरून दाणा दाणा टाकू लागली. कोळंब्या गेल्या. तिने खाऊ आणखी कमी केला. मासे खंगत गेले. ती टाकीसमोर बसून म्हणायची, "आता नाही हं जास्त टाकत. खरंच नाही टाकत." तिला ओरडून सांगावे असे मला वाटे. पण स्क्रूला डोके असते, तोंड नसते.

शेवटी टाकी रिकामी झाली. बाबांनी लाकडे अंगणात आणून मला उलटे पिळून काढले. मी हिरवा पडलो होतो, माझ्याभोवतीचे लाकूडही हिरवे झाले होते. त्यांनी मला उन्हात धरले, बोटाने खरवडले आणि बराच वेळ पाहत राहिले. त्यांना कळले होते. मी त्यांच्या तळहातावर होतो, मला ठाऊक आहे.

तेवढ्यात आत्या दारात आली. "काय रे, कशानं मेले ते? सापडलं का काही?"

मूठ मिटली. पितळ उघडे पडते म्हणतात, माझे मुठीत झाकले गेले.

"काही नाही. पोरीनं खाऊ जास्त टाकला."

मुलगी तिथेच बसून रिकाम्या टाकीची काच पुसत होती. तिने ते ऐकले, मान हलवली आणि पुन्हा पुसू लागली.

मी पुन्हा या डब्यात आलो आणि इथूनच घरातले सगळे ऐकत राहिलो. आता ती मोठी झाली आहे. परवा मैत्रिणीने मांजराचे पिल्लू देऊ केले, तर म्हणाली, "नको गं, माझ्या हाताला गुण नाही. माझ्याकडे काही जगत नाही." बाबा शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटले.

मित्रांनो, पाण्यात लाकूड जोडताना कोणता धातू घालावा, हे विचारून घ्या. विचारल्याने कोणी लहान होत नाही. आणि चूक झालीच, तर ती लेकरांच्या पदरात टाकू नका. तुमच्यापैकी कोणी कधी त्या घरी गेलात, तर हा डबा उघडा आणि मला तिच्या तळहातावर ठेवा. माझ्या अंगावरचा हिरवा थर अजून तसाच आहे. तेवढ्यासाठी तरी मला कोणी घासून पुसून स्वच्छ करू नका.